नंदुरबारची मिरची

अकबराच्या अमदानीत, 1590 च्या सुमारास, अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’ सिद्ध केली तेव्हा माळवा सुभ्यातील एक सरकार म्हणून नंदुरबार तिच्यात नोंदले गेले. परंतु त्याच ग्रंथात शाही मुदपाकखान्यातील पदार्थांची जी प्रमाणे दिली आहेत, त्यांत मिरी, सुंठ, लवंग यांची वजने बारकाईने आलेली असूनही, ज्या जिनसेमुळे आज या गावाची बाजारपेठ देशभर ओळखली जाते त्या मिरचीचा मागमूसही नाही.

अमेरिका खंडातील ही वनस्पती पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि मलबारच्या महाग मिऱ्यांना जे कधी साधले नव्हते ते तिने साधले. ज्याच्यापाशी हातभर परसू आहे त्याला आपले तिखट आपणच पिकवता येऊ लागले. तिच्या दिग्विजयाचे खरे कारण, माझ्या मते, हेच आहे.

पावसाळा सरल्यावर नंदुरबारात ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते, गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर ती उन्हात पसरली जाते, आणि देठ खुडणाऱ्या मजूर स्त्रियांचे हात दिवसभर त्या दाहात राबतात; अवकाळी पावसाची एक सर आली तरी माल काळवंडतो.

मात्र आरोग्याच्या दृष्टीने अधिक मोलाची ती झाडावरून नुकतीच तोडलेली हिरवी मिरची. हंगेरीतील सेगेड येथे आल्बर्ट सेंट-ड्यर्डी यांनी मिरचीच्याच कुळातील पाप्रिकेतून क जीवनसत्त्व विपुल प्रमाणात वेगळे काढले आणि 1937 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 100 ग्रॅम हिरव्या मिरचीत हे सत्त्व सुमारे 100 मिलिग्रॅम असते, आणि स्कर्व्ही टाळण्यास रोजचे 10 मिलिग्रॅमही पुरते; म्हणजे कळण्याच्या भाकरीबरोबर दोन ताज्या मिरच्या खाणारा खानदेशी शेतकरी, शास्त्राचे नाव न घेता, शास्त्रसंमत आहार घेत आला, कारण धान्यातील लोह अंगी लागण्यासही याच सत्त्वाचे साहाय्य होते. वाळवण्यात आणि तळण्यात त्याचा बराच अंश नष्ट होतो. लाल तिखटात टिकतो तो मुख्यतः रंग, आणि त्यासोबत अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य.

तथापि मिरची भाकरी गोड लावते, डाळीची उणीव भरून काढीत नाही. सातपुड्यातील कुपोषणाची वार्ता दरवर्षी कानी येत असता ठेचा-भाकरीचे कौतुक करून स्वस्थ बसणे हा अपराध आहे. त्या भाकरीशेजारी रोज डाळ आणि पालेभाजी असेल, अशी तजवीज शासनाने आणि समाजाने केलीच पाहिजे.