खिळा, कळ आणि पडदा

अहमदनगर जिल्ह्यांत (सरकारदप्तरीं आतां त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे) नेवासें येथें एक दगडी खांब आहे. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० त, गीतेवरील आपली टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली, अशी परंपरा आहे. या प्रसंगाकडे आपण बहुधा भक्तीच्या दृष्टीनें पाहतों. परंतु लेखनविद्येच्या अभ्यासकाला त्यांत आणखीहि कांहीं दिसतें. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा व वाचणारा तिसरा. आणि मधला जाणता असला, म्हणजे उरलेल्या दोघांना त्याची आठवणहि होत नाहीं. गेल्या सव्वासातशें वर्षांत या मधल्या मनुष्याची जागा आधीं खिळ्यानें, मग कळीनें व अखेरीस पडद्यानें घेतली. संगणकावर काम करतांना ज्या खिडक्या, ज्या सूच्या व जीं बटणें आपल्यापुढें येतात, तीं त्या लेखकाचेच आजचे वारस होत. या वारसाला मराठी कशी शिकविली गेली आणि ती त्याला कितपत आली, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

नेवाशानंतरहि या इतिहासाशीं आपल्या जिल्ह्याचा संबंध तुटला नाहीं. 'ज्ञानोदय' हें नियतकालिक अमेरिकन मराठी मिशननें १८४२ मध्यें नगर येथूनच सुरू केलें. त्या काळीं देवनागरी छापणें हें मोठें दगदगीचें काम होतें. इंग्रजीचीं लहानमोठीं मिळून बावन्न अक्षरें. पण आपल्या लिपीला काना, मात्रा, वेलांट्या, अर्धीं अक्षरें व जोडाक्षरें धरून शेंकडों खिळे लागत. मुंबईस मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम यांनीं सुबक मराठी खिळे घडविले, आणि त्याच छापखान्यांत उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनीं (१८३९–१८९२) पुढें 'निर्णयसागर' काढून देवनागरी मुद्रणाला देशभर कीर्ति मिळवून दिली. या कारागिरांचा बाणा एकच होता: खिळे कितीहि लागोत, अक्षर मोडावयाचें नाहीं.

टंकलेखनयंत्रानें हा बाणा सोडावयास लाविला. यंत्राला कळा पंचेचाळिसांच्या आसपास. प्रत्येकीवर दोन चिन्हें बसविलीं तरी हिशेब नव्वदांच्या घरांतच संपतो. म्हणून अक्षरांचे तुकडे करण्यांत आले. अर्ध्या अक्षराला काना जोडून पूर्ण अक्षर साधावें, ऱ्हस्व वेलांटी आधीं ठोकावी व व्यंजन मागून ठोकावें, अशी रीत पडली. मराठी राज्याची राजभाषा ठरविणारा अधिनियम १९६४ मध्यें झाला, आणि कचेऱ्याकचेऱ्यांतून हीं यंत्रें खडखडूं लागलीं. तहसील कचेरीसमोर झाडाखालीं बसून अर्ज टंकून देणारा मनुष्य माझ्या पिढीनें बालपणीं पाहिला आहे. त्याच्या बोटांत विलक्षण वेग होता. पण तो भाषा लिहीत नव्हता, अक्षरांचीं चित्रें जुळवीत होता. हा भेद त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आला नाहीं, आणि येण्याचें कारणहि नव्हतें. कारण कागदावर उमटलेलें शेवटीं मनुष्यच वाचणार होता.

इकडे ही खडखड चालू असतां पश्चिमेकडे मनुष्य व यंत्र यांचें नातेंच पालटत होतें. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें डग्लस एंगलबार्ट यांनीं माउस हातीं धरून पडद्यावरील मजकूर हालविण्याचें प्रात्यक्षिक दाखविलें. झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत १९७३ त 'आल्टो' हा संगणक सिद्ध झाला. १९८४ त 'मॅकिंटॉश' आल्यावर खिडक्या व चित्रें सामान्य ग्राहकाच्या टेबलावर आलीं. यांत नुसती शोभा नव्हती. पूर्वीचा कार्यक्रम परीक्षकासारखा असे: तो विचारी, त्या क्रमानें मनुष्यानें उत्तरें द्यावयाचीं. नवा कार्यक्रम दुकानदारासारखा झाला. तो माल मांडून बसतो. गिऱ्हाईक कोणत्या वस्तूस हात लावील हें त्याला ठाऊक नसतें, पण कोठेंहि हात लावला तरी त्याला उत्तर तयार ठेवावें लागतें. असे कार्यक्रम रचणें अवघड जाऊं लागलें, तेव्हां त्याच संशोधनशाळेंत पाहुणे म्हणून आलेल्या ट्रिग्वे रेन्सकाउग या नॉर्वेजियन गृहस्थांनीं १९७९ च्या सुमारास एक तत्त्व मांडलें. वस्तु निराळी, तिचें दर्शन निराळें आणि वापरणाराची आज्ञा झेलणारा भाग निराळा ठेवावा. म्हणजे दर्शन बदललें तरी वस्तु अबाधित राहते. वस्तु आणि दर्शन यांच्या या विवेकावरच आपल्या लिपीचें पुढील भवितव्य अवलंबून होतें.

आपल्याकडेहि तो विवेक जागा झाला होता. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें १९८३ च्या सुमारास देवनागरी संगणकाचें काम आकारास आलें; मोहन तांबे हे त्यांतील एक प्रमुख अभियंते. पुढें १९८८ मध्यें पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली व तें काम तेथें वाढलें. १९८६ मध्यें 'इनस्क्रिप्ट' कळफलक मुक्रर झाला, आणि १९९१ त भारतीय लिप्यांच्या संकेतांचें राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झालें. या कळफलकांत डाव्या हाताला स्वर व उजव्या हाताला व्यंजनें आहेत, आणि अक्षरें उच्चाराच्या क्रमानें लिहावयाचीं आहेत. 'किती' लिहितांना आधीं क व नंतर वेलांटी. ती पडद्यावर डावीकडे नेऊन बसविणें हें यंत्राचें काम. 'स्त्री' हें डोळ्यांना एक अक्षर, पण आंत सहा संकेतांची माळ. म्हणजे पाणिनीच्या वंशजांनीं वर्ण व त्याची आकृति यांतील जुना भेद यंत्रालाहि शिकविला.

पण बाजाराला धीर कोठला! छापखान्यांना मराठी ताबडतोब हवी होती, आणि इंग्रजी कार्यक्रमांना देवनागरी कळत नव्हती. तेव्हां एक युक्ति निघाली. इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी आकृति बसविलेले फॉंट करावयाचे. यंत्राला वाटे आपण रोमन लिहीत आहों, मनुष्याला दिसे मराठी. जो तो आपापल्या सोयीनें आकृति बसवी, त्यामुळें एका फॉंटांतील 'क' दुसऱ्यांत भलतेंच चिन्ह होई. ही युक्ति अगदींच निंद्य होती असें मी म्हणणार नाहीं. तिच्यामुळें हजारों पुस्तकें, मासिकें व लग्नपत्रिका मराठींत निघाल्या. पण तिनें दर्शन ठेवलें व वस्तु गमावली.

या गमावण्याचा अनुभव मला स्वतःला आला आहे. १९९८ सालीं अकोले तालुक्यांतील वृद्धांकडून ऐकलेल्या आठवणी मीं टिपून ठेवल्या होत्या, आणि त्या एका टंकमुद्रकाकडून संगणकावर चढवून घेतल्या. कांहीं वर्षांनीं तो फॉंट नाहींसा झाला. संग्रह उघडला तों पडद्यावर रोमन अक्षरें व टिंबें यांचा कालवलेला ढिगारा! सांगणारे बहुतेक सर्व तोंपर्यंत निवर्तले होते. माझ्या एका विद्यार्थ्यानें चिन्हास चिन्ह लावून बराचसा मजकूर परत मिळविला. परंतु 'दऱ्या' शब्द आला तेथें तेथें 'दर्या' उमटला आणि सह्याद्रीच्या कुशींत समुद्र अवतरला. उरल्या एका छापील प्रतीवरून मीं तीन महिने बसून पानें शुद्ध केलीं. जेथें ती प्रत वाळवीनें खाल्ली होती, तेथें कांहीं माणसांचे शब्द कायमचे गेले.

या रोगावरील औषध म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ति १९९१ त निघाली, आणि देवनागरीची मांडणी आपल्याच १९८८ च्या संकेतावर आधारली होती. पण संकेत ठरले म्हणून अक्षर उमटत नाहीं. तें काम पडद्याच्या यंत्रणेनें करावें लागतें. विंडोज २००० मध्यें तें साधलें. त्यांतील 'मंगल' हें अक्षर मुंबईचे सुलेखनकार व कवि प्रा. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनीं रेखलें होतें. निर्णयसागरच्या कारागिरांचा बाणा पडद्यावर पुन्हा उभा राहिला म्हणावयाचा. तरी मराठीच्या खास गरजा मागाहून पुऱ्या झाल्या. 'दऱ्या'मधील र साठीं निराळी सोय करावी लागली. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ साल उजाडलें. आणि ज्या मोडींत आपले पूर्वज शतकानुशतकें हिशेब लिहीत आले, ती लिपि २०१४ मध्यें युनिकोडांत आली.

येथवर लिपीचें झालें. भाषेचें अजून उरलें आहे. लिनक्सवरील 'ग्नोम' व 'केडीई' यांचे दर्शनी भाग स्वयंसेवकांनीं मराठींत आणले, विंडोजचेंहि मराठी रूप निघालें. पण कार्यक्रम रचणारानें आरंभींच इंग्रजी गृहीत धरलें, तर अनुवादक काय करणार? इंग्रजींत फाइली, कागद किंवा पत्रें कांहींहि असोत, शेवटचें क्रियापद एकच. आपल्याकडे तीन फाइली पुसल्या, तीन कागद पुसले, तीन पत्रें पुसलीं. वाक्याचे तुकडे आंत ठेवून मध्यें संख्या व नाम घालणारा कार्यक्रम मराठींत प्रत्येक वेळीं लिंगाची चूक करतो. बटणाची उंची इंग्रजी अक्षरापुरती मोजली, तर वरची मात्रा व खालचा उकार कापला जातो. यांत दोष मराठीचा नाहीं, मोजणाराचा आहे. उलट चांगला शब्द सांपडला म्हणजे काय होतें तेंहि पाहावें. काम सुरक्षित ठेवण्याच्या आज्ञेला 'जतन करा' हे शब्द योजिले गेले. जात्यावरच्या बाईनेंहि ओळखावा असा हा शब्द आहे, आणि मूळ इंग्रजीहून त्यांत जिव्हाळा अधिक आहे.

आज आमचींच मुलें पुण्यास, बंगळुरास व परदेशीं बसून जगासाठीं असे दर्शनी भाग रचतात. आपल्या मातोश्रींना तो पडदा वाचतां येईल कीं नाहीं, हा प्रश्न त्यांनीं शेवटीं अनुवादकाकडे न ढकलतां पहिल्याच दिवशीं स्वतःस विचारावा, एवढीच माझी विनंति आहे. वाक्य पुरें ठेवावें, चौकट ऐसपैस ठेवावी, आणि वस्तु व दर्शन यांची गल्लत करूं नये. त्याला फारसा खर्च नाहीं. सच्चिदानंदबाबांनीं ऐकलें तें लिहिलें, म्हणून तें आपणांपर्यंत पोंचलें. अकोल्याच्या माझ्या वृद्धांच्या वाट्याला तेवढा जाणता लेखक आला नाहीं. पुढच्यांच्या वाट्याला तो यावा.