आंबोण, चंदी आणि मोनेन्सिन

मराठीत गाईम्हशींना आंबोण ठेवतात आणि घोड्याला चंदी चारतात. गोठा वेगळा, पागा वेगळी. म्हणून खुराकाची नावेही वेगळी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत मात्र हे दोन्ही खुराक एकाच कारखान्यात, पुष्कळदा एकाच मिश्रणयंत्रात तयार होऊ लागले. मोनेन्सिनने तेथील घोड्यांचे जे बळी घेतले, त्याचे मूळ या यंत्रात आहे.

मोनेन्सिन हे मातीतील ‘स्ट्रेप्टोमायसिस सिनामोनेन्सिस’ या जिवाणूपासून मिळणारे प्रतिजैविक. ‘इलाय लिली’ या अमेरिकी औषध कंपनीतील संशोधनातून ते पुढे आले आणि त्याची रचना १९६७ साली प्रसिद्ध झाली. कोंबड्यांना रक्ती हगवण लावणाऱ्या कॉक्सिडिओसिसवर ते गुणकारी ठरले आणि १९७१ मध्ये कुक्कुटखाद्यात वापरण्यास अमेरिकेत परवानगी मिळाली. पुढे असे दिसले की, ते गुरांच्या कोठीपोटातील जिवाणूंचा समतोल बदलते, मिथेन वायू कमी होतो आणि तेवढ्याच चाऱ्यात जनावर अधिक भरते. १९७५ मध्ये गुरांच्या खाद्यातही त्याला प्रवेश मिळाला. मांसोत्पादकांच्या दृष्टीने हे वरदानच होते.

घोड्याचे गणित मात्र निराळे होते. दिलेल्यांपैकी निम्मी जनावरे दगावतील अशी मात्रा कोंबडीत शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे २०० मिलिग्रॅम आहे. गुरांत ती २० ते ८० आणि घोड्यात अवघी २ ते ३ मिलिग्रॅम. म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला जेमतेम एक ग्रॅम पुरतो.

असे का व्हावे? मोनेन्सिनचा रेणू सोडियमच्या आयनाला आपल्या कुशीत घेतो आणि पेशीच्या स्निग्ध पटलातून आत पोहोचवतो. सोडियम वाढला की मागोमाग कॅल्शियम साठतो, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका फुगतात आणि पेशी मरते. अविरत काम करणाऱ्या हृदयाच्या स्नायूला याचा फटका सर्वाधिक. गाईचे आणि कोंबडीचे यकृत हे द्रव्य झपाट्याने निकामी करते. घोड्याच्या यकृताला ते त्या वेगाने जमत नाही. बाधा झालेला घोडा प्रथम चंदी सोडतो, घामाने भिजतो, पोटशूळ उठल्यासारखा तळमळतो, मग मागचे पाय लटपटतात. उतारा आजही नाही.

हे अज्ञानातून घडत राहिले असे म्हणता येत नाही. १९७६ मध्येच घोड्यांवरील विषबाधेचा अभ्यास अमेरिकी पशुवैद्यकांच्या नियतकालिकात छापून आला होता, आणि मोनेन्सिनयुक्त खाद्य घोड्यांपासून दूर ठेवा, ते प्राणघातक ठरले आहे, असा इशारा पिशव्यांवर छापला जाऊ लागला. खरे कारण अर्थव्यवस्थेत शोधावे लागते. १९१५च्या सुमारास अमेरिकेत अडीच कोटींहून अधिक घोडे आणि खेचरे होती. ट्रॅक्टर आल्यावर १९६०पर्यंत ती संख्या तीस लाखांच्या आसपास उरली. शेतातच पिकणारे ओट खाणारा घोडा शेतातून हद्दपार झाला आणि छंदाचे, शर्यतीचे जनावर म्हणून पिशवीबंद खुराकावर आला. खाद्यकारखाने उभे राहिले ते कोंबड्या आणि गुरे डोळ्यांसमोर ठेवून. घोड्यांचा माल ही त्यांची किरकोळ बाजू.

अशा कारखान्यात चूक व्हायला फार काही लागत नाही. गुरांच्या खाद्याचा घाणा संपल्यावर यंत्र साध्या धान्याने नीट धुऊन काढले नाही, की उरलेला अंश पुढच्या घाण्यात उतरतो. नीट मिसळलेल्या गुरांच्या खाद्यात मोनेन्सिन इतके विरळ असते की, घोड्याने त्यात एकदा तोंड घातले म्हणून तो बहुधा मरत नाही. जीव घेते ते मिसळण्यापूर्वीचे घट्ट मिश्रण किंवा वजनातली चूक. पिशवीवरचा इशारा येथे निरुपयोगी, कारण ज्या पिशवीत विष असते तिच्यावर ‘घोड्यांसाठी’ असेच लिहिलेले असते.

२०१४ मध्ये फ्लोरिडातील डेव्ही येथे हेच घडले. एका अश्वशाळेतील २२ घोड्यांच्या खुराकात मोनेन्सिन आणि त्याच जातकुळीतील लॅसॅलोसिड सापडले. काही घोडे थोड्याच दिवसांत गेले. विषबाधेची माहिती छापून येऊन तेव्हा ३८ वर्षे उलटली होती. पशुखाद्य कारखान्यांनी धोके आधीच ओळखून ते टाळण्याची व्यवस्था ठेवावी, हा संघराज्याचा सविस्तर नियम २०१५ मध्ये आला. काही उत्पादकांनी तर असली द्रव्ये कारखान्यात आणणेच बंद केले आणि तीच गोष्ट जाहिरातीत मिरवली.

जे घोडे अशा विषबाधेतून वाचतात, त्यांच्या हृदयात मेलेल्या स्नायूच्या जागी व्रणाची ऊती भरते. असा घोडा कुरणात चरताना ठणठणीत दिसतो. महिन्यांनंतर कोणी खोगीर चढवून त्याला दौडवतो, आणि तो स्वाराखालीच कोसळू शकतो.