टीव्हीचं लायसन्स : तिकडे रद्द करता येतं, आपल्याकडे करताच येत नव्हतं

लंडन, लेस्टर, मँचेस्टरला गेलेल्या आपल्या पोरांना भाड्याच्या घरात शिरल्या शिरल्या एक पत्र हमखास येतं. 'या पत्त्यावर टीव्ही लायसन्स नाही.' पोरगं घाबरतं आणि पैसे भरून टाकतं. १ एप्रिल २०२५ पासून हा दर वर्षाला १७४.५० पौंड होता. मग वर्षभरानं लक्षात येतं की अरे, आपण तर टीव्ही बघतच नाही!

अशांसाठी आधी कामाचं सांगतो. तिथलं लायसन्स टीव्हीच्या खोक्यावर नाही, बघण्यावर आहे. खोकं घरात ठेवा, त्यावर नेटफ्लिक्सचे सिनेमे बघा, यूट्यूबवरचे आधी टाकलेले व्हिडिओ बघा, लायसन्स लागत नाही. पण कुठल्याही वाहिनीचं थेट प्रक्षेपण बघितलं तर लागतं, मग ते मोबाइलवर का असेना आणि वाहिनी मुंबईची का असेना. (आईसाठी लावलेली मराठी मालिका लाइव्ह चालू असेल तर तीही यात आली. इथेच आपले लोक फसतात.) बीबीसीचं आयप्लेअर बघायलाही लागतं. यातलं काहीच बघत नसाल तर तसं ऑनलाइन कळवायचं आणि बँकेतून जाणारा हप्ता थांबवायचा. न वापरलेले पूर्ण महिने शिल्लक असतील तर त्यांचे पैसेही परत मागता येतात. खोटं मात्र कळवू नका, लायसन्स लागत असताना त्याशिवाय बघणं हा फौजदारी गुन्हा आहे आणि दंड १,००० पौंडांपर्यंत जातो.

आता आपल्याकडचं. आज पन्नाशीच्या पुढे असलेल्यांना ते लायसन्सचं पुस्तक आठवत असेल. रेडिओचे वर्षाला १५ रुपये, टीव्हीचे ५०. पोस्टात जायचं, रांग लावायची, पुस्तकात तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. पुस्तक दाखवता आलं नाही तर दंड.

हे सुरू झालं मुंबईतच. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन. कंपनी खाजगी होती. लायसन्स १० रुपयांचं आणि त्यातले ८ कंपनीला मिळायचे. म्हणजे ऐकणाऱ्याच्या पैशावर रेडिओ चालावा, हा सरळ हिशोब. पण ऐकणारे होते किती? १९२७ च्या अखेरीस अख्ख्या देशात ३,५९४ लायसन्सं, १९२९ च्या अखेरीस ७,७७५. आठानं गुणून बघा, वर्षाला बासष्ट हजार रुपये. एवढ्यात मुंबई आणि कलकत्ता अशी दोन केंद्रं चालवायची! १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि रेडिओ सरकारच्या हातात गेला. तो आजतागायत पूर्ण सुटलेला नाही.

लायसन्स न काढता ऐकणारे लोक तेव्हाही होतेच. ही पळवाट बुजवायला १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा आला. त्याची मेख एका शब्दात आहे, 'बाळगणे'. ऐकणं नव्हे, बाळगणं. रेडिओ तुमच्या ताब्यातल्या जागेत सापडला तर तो तुमचाच, असं कोर्टाला गृहीत धरता येत होतं. दंड पहिल्या वेळी १०० रुपयांपर्यंत, नंतर २५० पर्यंत. त्या काळचे १०० रुपये, बरं का.

म्हणून आपल्याकडे 'मी ऐकत नाही, माझं लायसन्स रद्द करा' हे वाक्य कायद्यापुढे टिकणारंच नव्हतं. लायसन्स नको तर रेडिओच घरातून गेला पाहिजे. इंग्लंडातला माणूस 'मला तुमचे कार्यक्रम नकोत' असं पैसे थांबवून सांगू शकतो. आपल्या माणसाला तो दरवाजा कधी मिळालाच नाही. तिथे ग्राहक, इथे परवानाधारक. माझ्या मते खरा फरक हा आहे, पौंड-रुपयांचा नाही.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात सुमारे पावणेतीन लाख रेडिओ होते, तोवर पुस्तकं तपासणं जमत होतं. मग ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ शेतात, टपरीवर, बैलगाडीत जाऊन बसला. तपासणीस कुठे कुठे फिरणार? २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि टीव्हीचं पुस्तक वेगळं आलं. पण १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिरातीही आल्या, आणि पंधरा-पन्नास रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं सरकारलाच वाटू लागलं. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ही लायसन्सं रद्द झाली. कुणी अर्ज केला नाही, कुणी मोर्चा काढला नाही. लोक खूश झाले आणि त्यात चुकीचं काही नव्हतं.

प्रश्न एवढाच की त्यानंतर आकाशवाणी कुणाची? पैसा सरकारी तिजोरीतून आणि जाहिरातींतून. १९९० साली प्रसार भारतीचा कायदा झाला, १९९७ मध्ये तो अमलात आला, स्वायत्तता कागदावर आली. पगाराची दोरी सरकारकडेच राहिली. हा त्रास फक्त आपला नाही. फ्रान्सनं २०२२ मध्ये टीव्हीची फी रद्द केली, तेव्हा तिथेही हाच वाद झाला. जर्मनीनं उलटं केलं. २०१३ पासून प्रत्येक घरानं भरायचं, टीव्ही असो वा नसो. तिथे आता 'मी बघत नाही' म्हणून सुटका नाही.

आणि आपल्याकडे? जून २०२३ आठवा. पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचं ठरलं. सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या बातम्यांवर ज्यांची सकाळ सुरू होते, त्यांना हे वर्तमानपत्रातून कळलं. त्यांच्याकडे ना थांबवायला फी, ना दाखवायला पावती. त्यांनी निवेदनं दिली, पुढाऱ्यांना गाठलं, गलका केला. शेवटी दिल्लीतून केंद्रीय मंत्र्यांनी त्या निर्णयाला स्थगिती दिली. रद्द नाही हं, स्थगिती.