मायक्रोफोन प्रीॲम्पसाठी ट्रान्सफॉर्मर : जुना की नवा?

हिंगोली, प्रतिनिधी - ‘ट्रान्सफॉर्मर’ म्हटले की हिंगोली जिल्ह्यात डोळ्यांपुढे उभी राहते ती शेताच्या बांधावरची डीपी आणि ऐन रब्बीत ती जळाल्यावर होणारी धावपळ. येथे ज्याची माहिती घ्यावयाची आहे तो ट्रान्सफॉर्मर मात्र मुठीत सहज मावतो. तत्त्व तेच, मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे. हा चिमुकला ट्रान्सफॉर्मर मायक्रोफोन आणि ध्वनिवर्धक यांच्यामध्ये बसतो, आणि स्वतःच्या हाताने प्रीॲम्प बांधणाऱ्या हौशी मंडळींत तो जुना घ्यावा की नवा, हा वाद कायमचा आहे.

संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सी नामदेव याच जिल्ह्यातले. कीर्तन, भजन, काकडा गावोगावी चालतो आणि ज्येष्ठ कीर्तनकारांचे आवाज जतन करावेत असे अनेकांना वाटते. मुद्रणात घरघर शिरली तर ते कीर्तन पुन्हा उभे राहत नाही, म्हणून ही निवड केवळ आवडीनिवडीची राहत नाही.

साध्या डायनॅमिक मायक्रोफोनमधून निघणारा विद्युतदाब मिलिव्होल्टमध्ये मोजावा लागतो. व्हॉल्व्हच्या काळात एवढा क्षीण संकेत थेट वाढवू गेल्यास व्हॉल्व्हचा स्वतःचा गोंगाट त्याला गिळून टाकी. त्यावर उपाय म्हणून प्राथमिक वेटोळ्यापेक्षा दुय्यम वेटोळ्यात दहापट वेढे दिले जात. दाब दहापट, म्हणजे २० डेसिबलने वाढे, आणि तोही वीज न खर्चता. आज ही गरज जवळपास उरलेली नाही. १५० ओहमच्या मायक्रोफोनमधील उष्णताजन्य गोंगाट २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट असतो. त्याखाली कोणालाच जाता येत नाही. ‘आयएनए २१७’ किंवा ‘थॅट १५१२’ यांसारख्या चिप ट्रान्सफॉर्मरशिवायच या तळाच्या दोन-अडीच डेसिबलपर्यंत पोहोचतात. (औंढा नागनाथजवळच्या ज्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ साली सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले, तिचा सारा खटाटोपही गोंगाटातून अतिक्षीण संकेत वेगळा काढण्याचाच आहे.)

मग ट्रान्सफॉर्मर हवाच कशाला? पहिले कारण विलगीकरण. त्याच्या दोन वेटोळ्यांत तारेची जोड नसते. मंडपात ध्वनिवर्धक एका सॉकेटवर, लॅपटॉप दुसऱ्यावर आणि अर्थिंग बेभरवशाचे असेल, तर केबलच्या आवरणातून फिरणाऱ्या प्रवाहामुळे ५० हर्ट्झची घरघर मुद्रणात उतरते. चांगला ट्रान्सफॉर्मर ती बव्हंशी अडवतो. ग्रामीण भागात मुद्रण करणाऱ्याला प्रस्तुत लेखकाच्या मते हेच कारण पुरेसे आहे.

दुसरे कारण आवाजाचा ‘रंग’, आणि जुन्या मालाची ख्याती उभी आहे ती यावर. १९७० साली आलेल्या ब्रिटिश ‘नीव्ह १०७३’ मधील मारिनेअर ट्रान्सफॉर्मरना आज दंतकथेचे मोल आले आहे. वारंवारता जितकी कमी, तितका त्याच दाबाला गाभ्यातील चुंबकीय प्रवाह जास्त. त्यामुळे खर्जातला मोठा आवाज गाभ्याला संपृक्ततेकडे नेतो आणि मूळ स्वराच्या तिप्पट वारंवारतेचा अंश त्यात मिसळतो. थोडा मिसळला तर आवाज भरदार वाटतो. अधिक झाला तर मृदंगाची डाव्या हाताची थाप फाटते. मात्र हा गुण जुनेपणाचा नव्हे, तो गाभ्याच्या धातूचा, आकाराचा आणि वेढ्यांचा आहे. ब्रिटनची कार्नहिल आजही त्या घाटणीचे ट्रान्सफॉर्मर बनवते. स्वीडनची लुंडाल किंवा अमेरिकेतील जेन्सन आणि सिनेमॅग यांचा माल काही हजार रुपयांत पडतो, पण सोबत तांत्रिक माहितीपत्रक मिळते. जुन्या तुकड्याबाबत नेमके तेच हाती नसते.

जुना माल मुंबईच्या चोरबाजारात किंवा एखाद्या मोडीत निघालेल्या यंत्रात सापडतो. तो घेताना इंपीडन्सचे गणित चुकले की सारे फसते. वेढ्यांचे गुणोत्तर १:१० असेल तर इंपीडन्सचे गुणोत्तर १:१०० होते. व्हॉल्व्हसाठी बनलेला असा ट्रान्सफॉर्मर आजच्या २ किलोओहमच्या इनपुटला जोडला, तर मायक्रोफोनला समोर अवघे २० ओहम दिसतात आणि त्याचा आवाज कोसळतो. उलट, दुय्यम बाजूला योग्य रेझिस्टर-कपॅसिटरचा भार न देता ती मोकळी सोडली, तर वरच्या वारंवारतेत कंपन उठते व टाळांचा आवाज काचेसारखा टोचू लागतो.

गाभ्याची प्रकृतीही नाजूक. बहुतेक मायक्रोफोन ट्रान्सफॉर्मरांत सुमारे ८० टक्के निकेल असलेला मिश्रधातू वापरतात. तो पडला, ठोकला गेला तर त्याची चुंबकीय क्षमता घटते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. विकत घेताना वेटोळे शाबूत आहे का, हे मल्टिमीटरच्या ओहम पट्टीवर पाहण्याचा मोह अनेकांना होतो. त्या मीटरचा एकदिश प्रवाहच गाभा चुंबकित करू शकतो. त्याऐवजी प्राथमिक बाजूला मोबाइलमधून १,००० हर्ट्झचा हलका स्वर द्यावा आणि दोन्ही बाजूंचा दाब मोजावा. वेटोळे शाबूत आहे की नाही ते कळते व गुणोत्तरही समजते. गाभा चुंबकित झाल्याची शंका असल्यास कमी वारंवारतेचा प्रत्यावर्ती दाब देऊन तो हळूहळू शून्यावर आणतात.

कंडेन्सर मायक्रोफोन वापरणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. त्याला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम दाब जर्मनीच्या नॉयमन कंपनीने १९६६ साली नॉर्वेच्या नभोवाणीसाठी प्रथम आणला. ६.८ किलोओहमच्या दोन रेझिस्टरमधून तो प्राथमिक वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना सारखाच पोहोचतो, म्हणून वेटोळ्यातून एकदिश प्रवाह वाहत नाही. रेझिस्टर तंतोतंत जुळलेले नसतील, किंवा दाब चालू असताना केबल लावली आणि एक पिन आधी टेकली, तर तो वाहतो आणि गाभा चुंबकित होतो. तेव्हा आधी केबल लावावी, मग फँटमचे बटण दाबावे. काढताना बटण बंद करून थोडे थांबावे आणि नंतर केबल उपसावी.