मटियाबुर्ज : राज्य गेल्यानंतरचे स्वत्व

कलकत्त्याच्या दक्षिणेस हुगळी नदी पश्चिमेकडे वळण घेते, त्या काठाला गार्डन रीच हे नाव पडले ते इंग्रज अधिकाऱ्यांनी तेथे उभारलेल्या बागबंगल्यांमुळे. याच काठाच्या एका भागाचे नाव मटियाबुर्ज. मातीच्या बुरुजावरून आलेल्या या नावाची फोड मराठी वाचकास करून सांगावी लागत नाही. मे १८५६ मध्ये अवधचा पदच्युत राजा वाजिद अली शाह कलकत्त्यास आला आणि सप्टेंबर १८८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, फोर्ट विल्यममधील सुमारे दोन वर्षांची कैद वगळता, त्याचे आयुष्य या काठावर गेले. ज्याचे राज्य गेले त्याच्या स्वत्वाचे काय होते, या प्रश्नाचे एक दीर्घ आणि काहीसे अस्वस्थ करणारे उत्तर या एकतीस वर्षांत दडलेले आहे.

मराठी माणसास हा प्रश्न परका नाही. १८१८ नंतर दुसरा बाजीराव आठ लाखांचे वर्षासन घेऊन बिठूरला गंगाकाठी राहिला. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीस धाडण्यात आले. त्यांची कैफियत मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे खेटे घालीत राहिले. अवधच्या राजघराण्यानेही तोच मार्ग धरला. वाजिद अलीची वृद्ध आई राणी व्हिक्टोरियाकडे दाद मागण्यासाठी विलायतेस गेली. ती तिथे असतानाच इकडे १८५७ चा उठाव झाला, तिच्या अर्जाला अर्थ उरला नाही, आणि परतीच्या वाटेवर १८५८ च्या आरंभी पॅरिसमध्ये तिचा अंत झाला. पदच्युत राजांचा इंग्रजांच्या न्यायबुद्धीवरील हा विश्वास आज भोळा वाटतो. परंतु त्यामागे कायद्याने चालणाऱ्या सत्तेला तिच्याच कायद्याच्या भाषेत जाब विचारण्याचा बाणाही होता, हे विसरता कामा नये.

अवध खालसा झाले ते दत्तक नामंजूर करून नव्हे, तर गैरकारभाराचा ठपका ठेवून. राज्यकारभार कंपनीच्या हाती सोपविणाऱ्या तहावर सही करावी, बदल्यात राजेपद आणि वर्षाला बारा लाख रुपये मिळतील, असा प्रस्ताव रेसिडेंट आउट्रमने १८५६ च्या फेब्रुवारीत वाजिद अलीपुढे ठेवला. राजाने सही नाकारली. आपला मुकुटवजा मंदील काढून त्याने आउट्रमच्या हाती दिला. तह बरोबरीच्यांत होतात आणि आपण तर आता कोणीच उरलो नाही, असा त्याच्या वागण्याचा आशय होता. शस्त्र मात्र त्याने उचलले नाही.

नंतरच्या काळाने त्याला मापले ते याच एका गोष्टीने. राष्ट्रवादाचा उदय झाल्यावर इतिहासातील प्रत्येक पुरुषाला 'तू लढलास काय?' हा एकच प्रश्न विचारला जाऊ लागला, आणि त्या परीक्षेत वाजिद अली नापास होणे अटळ होते. प्रेमचंदांच्या १९२४ मधील बुद्धिबळाच्या कथेने अवधच्या उमरावांची विलासमग्नता कायमची ठसवली. सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये तिच्यावर चित्रपट केला तेव्हा राजाला अधिक सहानुभूती दिली, तरी मूळ आरोप पुसला गेला नाही. याउलट लखनौतच राहिलेल्या बेगम हजरत महलने आपल्या कोवळ्या मुलाला, बिरजीस कद्रला, जुलै १८५७ मध्ये गादीवर बसवले, कंपनीच्या फौजांशी झुंज दिली, व्हिक्टोरियाच्या जाहीरनाम्याला प्रतिजाहीरनाम्याने उत्तर दिले आणि अखेर नेपाळात आश्रय घेतला. १८७९ मध्ये काठमांडूत ती निवर्तली. राष्ट्रीय स्मृतीने एकाच घरातील दोघांची वाटणी करून टाकली: बेगम वीरांगना, राजा भेकड.

ही वाटणी अर्धवट न्यायाची आहे. बेगमेचे शौर्य निर्विवाद आहे. पण वाजिद अलीजवळ ज्याचा अभिमान होता ती वस्तू आजच्या अर्थाने 'राष्ट्र' नव्हतीच. उर्दूत 'वतन' म्हणजे मायभूमी; मराठीत तोच शब्द येऊन पिढीजाद हक्काची जमीन वा अधिकार या अर्थी रुळला. शब्द एक, पण एका भाषेत तो जिव्हाळ्याचा झाला आणि दुसरीत मालकीचा. वाजिद अलीचे मालकीचे वतन गेले होते. जिव्हाळ्याचे त्याने मटियाबुर्जात पुन्हा वसवायला घेतले. वाडे, बागा, इमामबाडे उभे राहिले. पशुपक्ष्यांचा अफाट संग्रह जमला. लखनौहून गायक, नर्तक, शायर, हकीम, आचारी, पतंगबाज येत राहिले. अब्दुल हलीम शरर या उर्दू लेखकाचे बालपण या वस्तीत गेले. जुन्या लखनौवरील आपल्या ग्रंथात त्याने तिचे जे वर्णन केले आहे त्यात तीच बोली, तोच अदब, मुहर्रमचा तोच थाट असलेले दुसरे लखनौ वाचकापुढे उभे राहते. स्वतः राजा 'अख्तर' या नावाने लिहीत होता. कैदेतील व्यथा त्याने 'हुज़्न-ए-अख्तर' या मसनवीत मांडली, आणि 'बनी' हा संगीत-नृत्यावरचा ग्रंथही त्याच्या निर्वासित आयुष्यातलाच. राधाकृष्णाच्या लीला रंगभूमीवर आणणारा हा शिया राजा होता. त्याच्या ओळखीत धर्म, भाषा, देश यांचे कप्पे आजच्याइतके वेगळे पडलेले नव्हते, आणि कदाचित म्हणूनच नंतरच्या राष्ट्रवाद्यांना तो नीट वाचता आला नाही.

तथापि त्याला निर्दोष ठरवण्याची घाई करू नये. मटियाबुर्जचे लखनौ अखेर इंग्रज सरकारच्या त्याच बारा लाखांवर जगत होते. ज्याने हिरावले त्याच्याच दानावर जपलेला अभिमान कितपत अभिमान म्हणावा? राजाच्या मृत्यूनंतर वाडे आणि बागा विकल्या गेल्या, आश्रित पांगले. राजाश्रयावर उभे राहिलेले स्वत्व राजाबरोबर किती लवकर ओसरते हे गार्डन रीचने काही वर्षांतच पाहिले.

याच काठाने त्याच वर्षांत दुसरेही एक अवध पाहिले, आणि त्याकडे इतिहासकारांचे लक्ष फार उशिरा गेले. अवध आणि भोजपूरच्या खेड्यांतून भरती केलेले गिरमिटी मजूर गार्डन रीच परिसरातील डेपोंत ठेवले जात आणि तेथून मॉरिशस, त्रिनिदाद, सुरिनामकडे जहाजांवर चढवले जात. १८७३ मध्ये 'लल्ला रूख' हे जहाज कलकत्त्याहून निघून सुरिनामला पोचले. त्या देशात गेलेली मजुरांची ही पहिली तुकडी. यातल्या कित्येकांचे वाडवडील वाजिद अलीचे रयत. त्यांच्याजवळ वर्षासन नव्हते, शायर नव्हते, इमामबाडा बांधायला पैसा नव्हता. एका जहाजातून आलेल्यांनी एकमेकांना 'जहाजी' म्हणून नवे नाते मात्र जोडले. तुळशीदासांचे रामचरितमानस आणि गावाकडची बोली पिढ्यान्‌पिढ्या टिकवली. सुरिनामची सरनामी भाषा आजही बोलली जाते. मटियाबुर्जातील बंदिस्त लखनवी मैफल मात्र राजामागे एक पिढीही धड टिकली नाही. वतनाचा अभिमान पेलण्यासाठी राजवाडा लागत नाही, हे येथे राजापेक्षा रयतेने अधिक स्पष्ट दाखवले. सुरिनाम घाटावर या मजुरांचे स्मारक झाले ते २०१५ मध्ये, म्हणजे पहिल्या जहाजानंतर सुमारे एकशे बेचाळीस वर्षांनी.

गार्डन रीचवर पुढे स्वतंत्र भारताच्या अभिमानाची चिन्हेही उभी राहिली. १९६० मध्ये सरकारने येथील जहाजबांधणीचा कारखाना ताब्यात घेतला आणि १९६१ मध्ये 'अजय' ही देशात बांधलेली पहिली युद्धनौका तेथून नौदलात गेली. बंगाल-नागपूर रेल्वेचे मुख्य कार्यालयही याच काठावर आले. भोसल्यांच्या खालसा झालेल्या राजधानीचे नाव अवधच्या निर्वासित राजाच्या शेजारी येऊन बसले, हा इतिहासाचा एक मिस्किल योगायोग. मटियाबुर्जात मात्र आज शिवणयंत्रांचा आवाज अधिक. कापडे शिवणाऱ्या हजारो कारागिरांची ती वस्ती आहे, आणि बंगाली-उर्दू दोन्ही तिथे कानी पडतात.

हजरत महलचा मुलगा बिरजीस कद्र नेपाळात वाढला. वाजिद अली वारल्यावर इंग्रजांनी त्याला परतण्याची मुभा दिली. तो कलकत्त्यास आला आणि १८९३ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. बंडाने ज्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला तो मुलगा, आणि ज्याने मुकुट काढून दिला तो बाप, दोघेही मटियाबुर्जच्या सिब्तैनाबाद इमामबाड्यात विसावले आहेत. आजीची कबर पॅरिसमध्ये आहे, आईची काठमांडूत. लखनौत यांपैकी कोणाचीही नाही.