शके ९८२

अंबरनाथचं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, उजाडलं आणि शिखर तेवढं राहून गेलं, असं कल्याणला आजी सांगायची. उल्हासनगर वसलं नव्हतं तेव्हा महाशिवरात्रीला वडिलांचं बोट धरून ती वालधुनीच्या काठाकाठानं पायी जायची. तिच्या सांगण्यात देवापेक्षा पायऱ्याच जास्त असत. मंडपातून खाली उतरायचं, पायाला गार दगड, पुढ्यात काळोख आणि पिंडीशी पोचून मान वर केली की थेट आभाळ. "शिखर पुरं झालं असतं तर हे दिसलं असतं का रे?" असं ती विचारायची.

या देवळाची पहिली मापं घेऊन केलेली आरेखनं १८६८ची. मुंबईच्या आर्ट स्कूलचे विद्यार्थी टेरी साहेबांच्या हाताखाली इथे आले, त्यांनी भिंतींवरच्या मूर्तींचे साचे काढले, खांब न् खांब कागदावर उतरवला. ती चित्रं पुढे छापली गेली. मी ती पाहतो तेव्हा बाहेरच्या भिंतीवरच रेंगाळतो. खाचेमागून खाच, कोपऱ्यामागून कोपरा, प्रत्येकावर वेगळी सावली. आज तिथला दगड इतका झिजलाय की काही मूर्तींचे चेहरे हातानं चाचपावे लागतात. ती चित्रं काढणाऱ्या बहुतेक मुलांची नावं मात्र आपल्यापर्यंत आलेली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. त्याआधी वेरूळची लेणी रेखाटणाऱ्या पुण्याच्या गंगाराम तांबटांचं नाव तरी उरलं. ज्या चित्रकार जेम्स वेल्सबरोबर त्यांनी काम केलं, तो कान्हेरीची लेणी रेखाटताना तापानं आजारी पडला आणि १७९५मध्ये ठाण्यात वारला.

अंबरनाथच्या उत्तर दारावरच्या तुळईवर शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातलं वर्ष शके ७८२ वाचलं होतं. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते ९८२ असल्याचं दाखवलं. एका अंकानं देऊळ दोनशे वर्षं अलीकडे आलं आणि शिलाहार राजा माम्वाणीच्या काळात, १०६०मध्ये, नीट बसलं. काळोखी दाराशी मान वर करून झिजलेली अक्षरं लावत बसलेला हा माणूस मला पांडवांइतकाच मोठा वाटतो.

आजीला शिलाहार ठाऊक नव्हते. पण उघडं आभाळ तिनं सांगितलं ते खरंच होतं. गाभाऱ्यावरचं शिखर आजही अर्धंच आहे.

ठाण्याच्या इतिहासावर मराठीत लिहिणारे डॉ. दाऊद दळवी गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आता हा इतिहास मुलांपर्यंत न्यायचा तर कल्याण-डोंबिवलीच्या शाळांच्या भिंतींवर १८६८च्या त्या चित्रांच्या मोठ्या प्रती लागाव्यात, खाली भाऊ दाजी आणि भगवानलाल यांची नावं असावीत आणि शेजारी 'आर्ट स्कूलचे विद्यार्थी' एवढं तरी असावं. लोकलनं अंबरनाथ तिथून पाऊण तासाच्या आत आहे, मुलं चित्र पाहून त्याच दिवशी देऊळही पाहून येतील.