मागे बसलेला तंबोरा

बदलापूर लोकलमध्ये असाल तर इयरफोन नीट लावा. आजची गोष्ट अशा वाद्याची आहे, जे मैफलीत मागे बसतं आणि ज्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. तंबोरा.

मी उल्हासनगरला गाणं शिकायला जायचो, तेव्हा क्लासमध्ये तंबोरा मोबाइलवरच लागायचा. अ‍ॅपमध्ये तीन पर्याय: प, म, नी. एकदा मालकंस सुरू झाला तरी माझं आपलं 'प'च चालू. सर म्हणाले, "अरे, मालकंसात पंचम आहे का?" तिथून मी या विषयात घुसलो.

तंबोऱ्याला साधारण चार तारा असतात. मधल्या दोन म्हणजे जोड, त्या षड्जात. शेवटची खरज, म्हणजे खालचा षड्ज. पहिली तार मात्र राग बघून लावतात. यमनला पंचम चालतो. मालकंसात पंचम नाही, म्हणून मध्यम. मारव्यात पंचमही नाही आणि शुद्ध मध्यमही नाही, म्हणून बरेच जण निषाद लावतात.

युरोपातही असंच एक साथीचं वाद्य होतं. 1600च्या आसपास इटलीत गायकामागे थिओर्बो वाजायचा, लांबलचक मानेचा ल्यूट. संगीतकार फक्त खालच्या सुरांची ओळ लिहायचा, कधी त्यावर आकडे टाकायचा. वरचे सूर वादकाने जागेवरच भरायचे. या साथीला कंटिन्युओ म्हणतात. थिओर्बोच्या तारा इतक्या लांब, की वरच्या दोन नेहमीच्या सुरात चढवल्या तर तुटायच्या. म्हणून त्या एक सप्तक खाली लावत. तिथली साथ गाण्याबरोबर पुढे चालते. आपली साथ जागेवर थांबते आणि गाणं तिच्याभोवती फिरतं. पण दोन्हीकडे साथीदाराला आधी वाद्य लावता यावं लागतं.

आता मिरजेला येऊ. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम कमी झालं, तेव्हा तिथल्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यं बनवायला लागले. ती परंपरा अजून चालू आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, वर लाकडी दांडी आणि खरी जादू घोडीत. तिचा माथा किंचित उतरता घासतात आणि तारेखाली दोरा सरकवतात. ही जवारी. तिच्यामुळे एका तारेतून सुरांचा अख्खा थवा उठतो. सी. व्ही. रामन यांनी 1921मध्ये यावर लिहिलं: नेहमीच्या नियमाने जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही या घोडीमुळे ऐकू येतात.

नीट लागलेल्या खरजातून गांधार आपोआप ऐकू येतो. षड्जाशी त्याचं प्रमाण 5:4. हार्मोनियमचा गांधार त्याहून सुमारे 14 सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या सुराचा साधारण सातवा भाग. हा फरक किरकोळ वाटतो, पण याच श्रुती मोजण्यासाठी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ एकत्र बसले होते. देवलांचं पुस्तक 1910मध्ये आलं. पुढे 1940मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदीच घातली. ती सत्तरच्या दशकात सैल झाली.

आता अ‍ॅपबद्दल. मी ते आजही वापरतो, वाईट म्हणणार नाही. पण एकदा सरांनी खरा तंबोरा हातात दिला आणि म्हणाले, "जोड लाव." खुंटी पिळत बसलो, वीस मिनिटं गेली. दोन तारा जवळ आल्या की आवाजात एक लहर येते, वाँव-वाँव अशी. ती संथ होत जाते आणि अचानक थांबते. त्या क्षणी कान तयार होतो. गुरूच्या मागे बसून पिढ्यान्‌पिढ्या शिष्य हेच शिकले. अ‍ॅप आपल्याला लावलेला सूर देतं, सूर लावायला शिकवत नाही.

2024मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, आनंदच आहे. पण वाद्य लावणारे कानच उरले नाहीत, तर ती वाद्यं घेणार कोण?

जाता जाता एक आठवण. 1937, मद्रासजवळचं एक छोटं स्टेशन. प्रवासात तब्येत बिघडली म्हणून अब्दुल करीम खाँ गाडीतून उतरले. असं सांगतात, की त्यांनी फलाटावरच तंबोरा लावायला सांगितला, थोडं गायले आणि तिथेच गेले.

पुढच्या मैफलीला जरा लवकर जा. तंबोरे लावत असतील, तेव्हा मोबाइल खिशात ठेवा आणि ती लहर कधी थांबते ते ऐका. भेटू पुढच्या भागात!